टाकीवरचा बिनआवाजी पंखा

६ एप्रिल

ही डायरी लेकीनं, भुवीनं दिलेली. तिच्या पतसंस्थेची आहे, पहिल्याच पानावर संचालक मंडळाचे फोटो. देताना म्हणाली होती, "अप्पा, दिवसभर अव्वावर ओरडण्यापेक्षा यात लिहीत जा." आता मी काय ओरडतो? मी बोलतो. उभी हयात टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून गेली. चालू मागांच्या मधोमध उभं राहून बिघाड काढायचा, तर माणूस कुजबुजत नसतो. उलट घरातले सगळेच आता तोंडातल्या तोंडात बोलायला लागलेत, त्यांना मात्र कुणी काही म्हणत नाही.

जानेवारीपासून कोरीच होती. आज लिहायला कारण आहे. भुवी परवा येतेय. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायचं. जावई सिद्धलिंग रेल्वेत आहे, कुर्डुवाडीला. तो सोडून जाईल, मग सव्वा महिना होईपर्यंत लेक आणि नातवंड आमच्याकडं. तिच्या अव्वानं, शांतम्मानं, हॉल धुऊन काढला, पलंग तिथंच टाकला. आतली खोली दुपारनंतर भट्टी होते, तिथं बाळंतीण ठेवायची सोय नाही.

हॉलमध्येच भुवीची माशांची टाकी आहे. कॉलेजात असताना दोन गोल्डफिश आणले होते, आता तळहाताएवढे झालेत. लग्न करून जाताना मला म्हणाली, "अप्पा, यांना सांभाळा." सांभाळले की. पण आज दोघंही वर येऊन तोंड उघडं टाकून बसले होते. माशांच्या दुकानात गेलो. त्याचं म्हणणं, पाणी तापलंय, झाकणात पंखा बसवा, पाण्यावर वारा मारला की पाणी दोन-तीन डिग्री उतरतं, उडालेलं पाणी रोज भरत जा. हे सगळं त्यानं कागदावर लिहून दिलं. आजकालच्या माणसांना तोंडानं नीट सांगतासुद्धा येत नाही.

आता पंखा बसवायचा तर बिनआवाजी पाहिजे. शेजारी पोटुशी पोर झोपणार, पुढं बाळ झोपणार. शांतम्मा म्हणाली, "जमंल का तुमाला?" मी म्हटलं, "बेअरिंगला काय झालंय ते मी मागाला हात लावून सांगायचो. मला विचारतेस?"

९ एप्रिल

भुवी काल आली. तोंड भरलंय, पाय सुजलेत. आल्या आल्या टाकीपुढं बसली आणि काचेवर बोट फिरवत माशांना हाका मारल्या. मासे बोटामागं फिरले. मला लई बरं वाटलं, पण मी आपला पेपर वाचत बसलो.

नवी पेठेतून कॉम्प्युटरचा पंखा आणलाय. रुंद आहे, हळू फिरतो. झाकणाला गोल भोक पाडून बसवला. भुवी टाळ्या वाजवून म्हणाली, "अप्पा, आवाजच नाही की!" मी झाकणावर बोट ठेवलं. बारीक थरथर लागली. तिला काय कळणार? थरथर आहे म्हणजे आवाज आहे. आज नसला तर आठवड्यानं येतो. कारखान्यात मी असल्या थरथरीवर अख्खा माग खोलायला लावलाय.

१३ एप्रिल

सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून पंख्याखाली घातले. थरथर कमी झाली, गेली नाही. भुवी म्हणते, "असू द्या ना अप्पा, मला हाच आवडलाय. मस्त झोप लागते." माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून म्हणते. लहानपणापासून असंच. बूट चावला तरी सांगायची नाही, नवा आणायला लागंल म्हणून.

तिच्यासाठी करायचं तर नीट करायचं.

१४ एप्रिल

परत नवी पेठ. दुकानदाराला म्हटलं, जेवढे पंखे आहेत तेवढे काउंटरवर लाव. एकेक चालू करायचा आणि मी बोट ठेवून बघायचं. पहिले सगळे थरथरणारे. शेवटी त्यानं आतून दोन जाडजूड, छोटे पंखे काढले. मोठ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरमधले म्हणे, दिवसरात्र चालणारे. चालू केला, बोट ठेवलं. काही नाही! फिरतोय की थांबलाय कळेना. वारा बघितला तर काउंटरवरच्या पावत्या उडाल्या. याला म्हणतात बेअरिंग!

दुकानदारानं कानावर हात ठेवले आणि मान हलवायला लागला. मी म्हटलं, "भाव ऐकून कानावर हात मी ठेवायला पायजे, तू कशाला ठेवतोस बे?" दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. तो परत तो रुंद पंखा पुढं करत होता. जुना माल खपवायचा असणार. मी दोन्ही जाड पंखे बांधून घेतले.

घरी बसवून बटण दाबलं तर शांतम्मा पिठाच्या हातानंच आतून धावत आली. भुवी उठून बसली. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. मी म्हटलं, "कसा हाय? लाव हात, लाव." भुवीनं झाकणावर हात ठेवला. जरा वेळानं माझ्याकडं बघून हसली. म्हणाली, "लई भारी, अप्पा."

संध्याकाळपर्यंत पाणी उतरलं. मासे खाली जाऊन खडे उचकायला लागले. मी गच्चीवर अंथरूण टाकून आज निवांत झोपणार.

२१ एप्रिल

पारा चव्वेचाळीसला. आज जेवताना शांतम्मानं नको तो विषय काढला. माझा कारखान्यातला दोस्त बिभीषण, त्यानं म्हणे कान तपासून घेतले. "तुमी बी एकदा दाखवून घ्या की." मी ताट सारलं. माझे कान ठणठणीत आहेत. समोर येऊन, माझ्याकडं बघून बोललं की मला शब्द न् शब्द कळतो. ह्या बोलतात भाकरी थापत, भिंतीकडं तोंड करून, आणि वर माझ्याच कानांत खोट काढतात.

संध्याकाळपर्यंत जेवलो नाही. भुवी एवढं पोट घेऊन ताट घेऊन आली. शेंगाची चटणी, दही, भाकरी चुरून. मी जेवत होतो आणि ती टाकीकडं तोंड करून बसली होती. बराच वेळ बोलत होती. माशांशी बोलत असावी. लहानपणीची सवय.

४ मे

मुलगी झाली! सकाळी दवाखान्यात. दोघी सुखरूप. एवढासा जीव, पण मुठी घट्ट. शांतम्मा रडली, मी नाही रडलो. दवाखान्याच्या दारात जाऊन उभा राहिलो तेव्हा जरा डोळ्यात काहीतरी गेलं, बस.

घरी येऊन आधी टाकी बघितली. पंखे जोरात. बाळ येणार म्हणून दोन्हींच्या जाळ्या ब्रशनं साफ केल्या.

८ मे

बाळ घरी आलं. आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणं स्वामी येऊन बाळाला लिंग बांधून गेले. घरात ओव्याची धुरी, शेपूचा वास. मी हॉलमध्ये फार थांबत नाही, बायकांची कामं चाललेली असतात. बाळाला लांबूनच बघतो. भुवीनं एकदा मांडीवर दिलं तर मला धरताच येईना. हे हात लोखंडावर चाललेत सगळे.

भुवीचे डोळे लाल आहेत. बाळंतिणीला उष्णता होते, शांतम्माला म्हटलं, सब्जाचं पाणी दे.

११ मे

काल आणि आज, दोन्ही दिवस बाहेरून आलो तर पंखे बंद. शांतम्मा म्हणाली, "लाईट गेली हुती." मी झाकणावर हात ठेवला, गार होतं. म्हणजे बराच वेळ बंद असणार. खालच्या बिऱ्हाडाचा कूलर चालू होता तेव्हा. त्यांची फेज वेगळी असेल. शिवा शिवा, ह्या दिवसांत लाईट जाऊन मासे मेले तर भुवीला काय वाटेल? बाळंतपणात असलं काही नको.

पंख्याजवळ मला बर्फाच्या बाटल्यासुद्धा दिसल्या. टाकीत टाकून गार करत होत्या वाटतं. बिचाऱ्या.

१३ मे

सोय केली! जुनी गाडीची बॅटरी होती, चार्जरसकट ती टाकीमागं बसवली. पंखे थेट तिच्यावर. मधलं बटणच काढून टाकलं, उगाच कुणाचा हात लागायला नको. आता लाईट जाऊ दे, काहीही होऊ दे, पंखे थांबायचे नाहीत. दिवसरात्र!

भुवीला म्हटलं, "आता काळजी सोड." ती बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती. थांबली, बॅटरीकडं बघितलं. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "अप्पा, तुम्ही किती करता हो माझ्यासाठी." आणि तिला रडू आलं. शांतम्मा काहीतरी बोलायला पुढं झाली तर भुवीनं तिला दंड धरून आत नेलं. बाळंतिणीचं मन हळवं असतं.

माझा ऊर भरून आला. एवढ्या वर्षांत माझ्या कुठल्या कामाचं कुणाला रडू आलं नव्हतं.

१६ मे

बारसं झालं. नाव सिद्धेश्वरी. पाळणा हॉलमध्ये बांधला होता, पण आलेल्या बायका तिथं टिकेनात. एकेक करत सगळ्या गच्चीवर मांडवात गेल्या आणि पाळणासुद्धा वर नेला. मांडवात ऊन तापलेलं, हॉलमध्ये गार. बायकांचं काही कळत नाही.

बिभीषण आला होता, कानात कसलं तरी यंत्र घालून. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि यंत्र काढून खिशात घातलं. माझ्याकडं विचित्र बघत होता. मी म्हटलं, "काय बे, काय झालं?" त्यानं खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यात जेवणाची पंगत बसली.

१७ मे

काय सांगू. जावई म्हणतो, उद्या भुवीला घेऊन जातो.

अजून सव्वा महिना व्हायचाय! मी म्हटलं, "काय झालं? कुणी काय बोललं का?" तो खाली बघून पुटपुटला. मी म्हटलं, वर बघून बोल. तर म्हणाला, कुर्डुवाडीला गच्चीवर खोली आहे, वारा चांगला आहे, आईची पण इच्छा आहे. माझी इच्छा कुणी विचारली? पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ते एकदाच होतं. शांतम्मानं डिंकाचे लाडू डबाभर करून ठेवलेत.

भुवीला विचारलं, "माहेरात काय कमी केलं मी?"

"काही कमी नाही, अप्पा."

"मग?"

 ती नुसती रडत राहिली. मला राग आला तर माझं तोंड माझं राहत नाही. म्हणालो, "सरळ सांग की माहेर नको झालंय. नवऱ्याचं घर गोड लागायला लागलंय." ती बघतच राहिली माझ्याकडं. शांतम्मा मोठ्यानं काहीतरी म्हणाली, पण मी जिना चढत होतो.

१८ मे

गेली.

मी टाकीचं पाणी बदलत बसलो होतो. मुद्दाम. भुवी पाया पडायला वाकली, बाळाला माझ्यापुढं धरलं. मी वर बघितलं नाही. काहीतरी म्हणाली. बराच वेळ म्हणत होती. मी पाण्यात हात घालून खडे चोळत राहिलो. मग रिक्षा गेली असावी, कारण शांतम्मा आत येऊन पलंगावर आडवी झाली.

दुपारी मला वाटलं, फाटकापर्यंत तरी जायला पाहिजे होतं.

२ जून

मी फोन करत नाही. तिचा आला तर ती ठरलेलं ओरडते, "जेवलात का? बरं आहे ना? अव्वाकडं द्या." मी अव्वाकडं देतो. अव्वाशी मात्र तास तास बोलते. मला सांगायला हिच्याकडं काही नाही. लग्न झाल्यापासून असंच आहे, आज पहिल्यांदा लिहितोय एवढंच.

पलंग अजून हॉलमध्येच आहे. शांतम्मा मात्र स्वयंपाकघरात अंथरूण टाकते.

१४ जून

सव्वा महिना झाला. तिकडं बाळंतिणीला न्हाऊ घातलं असेल, ओटी भरली असेल. मी सकाळी उगाच नवा सदरा घातला आणि काढून ठेवला. मासे चांगले आहेत. कुणासाठी चांगले आहेत कोण जाणे.

२६ जून

बिभीषण येऊन बसला होता. मला म्हणाला, "चल, नुसतं बसून ये. तिथं चहा मिळतो." दवाखान्याचं नाव काढलं असतं तर मी गेलो नसतो. नेऊन बसवलं ते कानवाल्या बाईंपुढं. मी उठायला लागलो तर बिभीषण दार धरून उभा. म्हणाला, "रुद्र्या, तुझ्या पाया पडतो बे. तुझी पोर का गेली ते तुला ठाऊक न्हाय." मी विचारलं, का गेली? तो म्हणाला, "आधी कान दाखव."

तपासलं. बाईंनी वहीवर रेघ काढून दाखवली. जाड आवाज मला येतात, बारीक आवाज मागांनी खाल्लेत. कारखान्यातल्या निम्म्या लोकांचं असंच असतं म्हणाल्या. यंत्र आणायला परवा बोलावलंय. भुवीचं काय ते बिभीषणानं सांगितलं नाही. म्हणाला, तुझं तुला कळंल.

२८ जून

यंत्र कानात बसवून घेतलं. रस्ताभर घाबरून चाललो. चपला वाजतात. पिशवी वाजते. माझाच सदरा खसखस वाजतो. रिक्षावाला मागून "ओ काका" म्हणाला तर दचकून बाजूला झालो.

घराच्या जिन्यात आलो आणि कानात शिट्टी सुरू झाली. बारीक, दाताला कळ लागावी अशी. मला वाटलं यंत्र बिघडलं. काढलं, गप्प. घातलं, परत. दार उघडलं तर शिट्टी कानात घुसली. शांतम्माला म्हटलं, हे नवं यंत्र खराब दिलंय. तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं. उभी राहून माझ्याकडं बघत राहिली. मी स्वयंपाकघरात गेलो, कमी झाली. हॉलमध्ये आलो, वाढली. टाकीपाशी गेलो, तिथं सगळ्यात जोरात.

झाकणावर हात ठेवला. नेहमीसारखंच, थरथर नाही. आणि माझ्याच हाताखाली ते दोन पंखे किंचाळत होते.

बॅटरीची वायर ओढून तोडली. बटण मीच काढून टाकलेलं ना.

शांतम्मा खाली बसली, भिंतीला टेकून. मी विचारलं, "तुमाला सगळ्यांला ऐकू येत हुतं?"

"व्हय."

"बाळाला?"

"बाळ झोपायचंच न्हाय वो. तुमी भाईर गेला की बंद करायचो, तेवढंच झोपायचं. मग तुमी ती बॅटरी लावली."

"सांगायचं न्हाय का?"

"मी सांगणार हुते. भुवीनं शपथ घातली. म्हणली, अप्पांनी माज्यासाठी केलंय, मोडू नगंस. म्हणली, त्यांला कळलं तर जीव लावून कायतरी करायचंच सोडतील."

मी पहिला रुंद पंखा शोधला. माळ्यावर होता. लावून बघितला. कान जवळ नेला, यंत्रासकट. नुसता वारा येतो. भुवी पहिल्याच दिवशी सांगत होती, हाच असू द्या. मी बोटाचं ऐकलं, पोरीचं ऐकलं नाही. आता पाऊस पडून पाणी गार झालंय, हाही लागत नाही. काढून ठेवला.

आज रडलो. डोळ्यात काही गेलं नव्हतं.

२९ जून

सकाळी मीच फोन लावला. 

पलीकडून भुवी ओरडली, "अप्पा! जेवलात का? बरं आहे ना?" यंत्रातून असं दणदणीत आलं की मी फोन लांब धरला. गेली कित्येक वर्षं ती माझ्याशी असंच, नरडं ताणून बोलतेय. ओरडून दोनच गोष्टी विचारता येतात माणसाला, जेवलात का आणि बरं आहे का. मनातलं कुणी ओरडून सांगतं होय? आणि मी म्हणत होतो, हिला माझ्याशी बोलायला काही नाही.

मी म्हटलं, "भुवी, पंखे काढून टाकले."

 ती म्हणाली, "अप्पा, तुमचा आवाज का असा येतोय? घसा बसलाय का?"

घसा बसला नव्हता. मला माझा आवाज ऐकू येत होता, म्हणून मी हळू बोलत होतो. तिनं माझा हा आवाज कधी ऐकलेलाच नव्हता.

"बरा हाय मी. तू ये परत. बाळाला घेऊन ये. हॉलमधी आता कायसुद्धा वाजत न्हाय."

"आता कशाला अप्पा, सव्वा महिना झाला की." ओरडूनच म्हणाली, पण रागानं नाही. "बाळ इथं रुळलंय. दिवाळीला येऊ."

दिवाळीला पाहुण्यासारखी येईल, चार दिवस. ते बाळंतपण गेलं ते गेलंच. मी मान हलवली. मग लक्षात आलं, फोनवर मान दिसत नसते.

ती सवयीनं म्हणाली, "अव्वाकडं द्या."

मी दिला नाही. म्हटलं, "भुवी, ओरडू नकोस. हळू बोल. मला ऐकू येतंय आता."

 तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग एकदम बारीक, शाळेतून येऊन दप्तर टाकताना बोलायची तसल्या आवाजात ती म्हणाली, "काय बोलू, अप्पा?"

मी फोन परत कानाशी आणला. म्हटलं, "बाळ झोपलंय का?"